कर्नलची सुरक्षा अपडेट: सांगली-मिरज-कुपवाडच्या पेढ्या, दवाखाने आणि कारखान्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्केट यार्डातल्या अडत पेढ्या, मिरजेतले दवाखाने, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखाने यांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. खालचे प्रश्न मला सतत विचारले जातात. फोनवर घाईत सांगितलेलं अर्धंच पोचतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: बहुतेक ठिकाणी अपडेट मशीनवर उतरलेलं असतं, पण लागू झालेलं नसतं. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

कर्नल म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, लॅबचे रिपोर्ट काढणारा प्रोग्राम, यांतलं कोणीही हार्ड डिस्कला किंवा मेमरीला थेट हात लावत नाही. 'ही फाइल उघडून दे', 'एवढी मेमरी दे', 'हे नेटवर्कवर पाठव' अशी मागणी ते कर्नलकडे करतात, आणि कोणाला काय द्यायचं ते कर्नल ठरवतो. विंडोजचा कर्नल वेगळा. लिनक्स हे तर मुळात कर्नलचंच नाव. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो लिहायला घेतला आणि आज अँड्रॉइड फोनमध्ये, राउटरमध्ये, दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्येही बहुतेक वेळा तोच असतो.

कर्नलमधली चूक एवढी गंभीर का, ते यावरून लक्षात येईल. एखाद्या साध्या प्रोग्राममधून घुसलेल्याला त्या प्रोग्रामला जेवढे अधिकार असतात तेवढेच मिळतात. कर्नल ताब्यात गेला तर अँटिव्हायरस, पासवर्ड, फाइलींवरच्या परवानग्या, काहीच उरत नाही. कारण हे सगळे पहारेकरी कर्नलच्या भरवशावरच उभे असतात.

एवढी हुशार माणसं लिहितात, मग चुका राहतात कशा?

लिनक्स कर्नलच्या ओळी आज तीन कोटींच्या वर गेल्यात, आणि त्यातला बहुतेक भाग सी भाषेत आहे. सी मध्ये मेमरी कधी घ्यायची, कधी सोडायची हे लिहिणाऱ्यानेच सांभाळायचं असतं. सोडून दिलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली गेली किंवा एखादी जागा आधी साफ करायची राहून गेली, की फट, म्हणजे हल्लेखोराला घुसायची वाट, तयार झाली. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीपासून रस्ट भाषेला कर्नलमध्ये जागा मिळाली आहे. त्यामुळे नवीन भागांत अशा चुका कमी होतील, पण जुन्या कोट्यवधी ओळी आहेत तिथेच आहेत.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण हा सगळा प्रकार त्यातून जितका कळतो तितका व्याख्यांमधून कळत नाही. जर्मनीतले मॅक्स केलरमन हे प्रोग्रामर वेब होस्टिंगचं काम बघत होते. २०२१ मध्ये त्यांच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की सर्व्हरच्या नोंदींच्या कॉम्प्रेस केलेल्या फाइली उघडत नाहीत. फाइल दुरुस्त केली, विषय मिटला असं वाटलं. काही महिन्यांनी पुन्हा तेच. बिघडलेल्या फाइली जमवून पाहिल्या तर बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या निघाल्या. आपल्या प्रोग्राममध्ये चूक सापडेना, हार्डवेअर ठीक होतं, आणि कर्नलवर संशय घ्यायला तर कोणीच सहजासहजी धजत नाही. शेवटी त्यांनी दोन अगदी छोटे प्रोग्राम लिहून दाखवून दिलं की चूक खरोखर कर्नलचीच आहे. एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माहिती नेणाऱ्या 'पाइप' नावाच्या व्यवस्थेत एक खूण आधी शून्य करून घ्यायची राहिली होती. परिणाम असा की जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, ती साधा वापरकर्ताही बदलू शकत होता. पासवर्डांची फाइलसुद्धा.

या चुकीला 'डर्टी पाइप' नाव पडलं, क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या प्रत्येक सुरक्षा फटीला मिळणारा क्रमांक). २० फेब्रुवारी २०२२ ला कळवलं, २३ फेब्रुवारीला दुरुस्त आवृत्त्या आल्या आणि ७ मार्चला सगळी माहिती जाहीर झाली. दुरुस्ती किती मोठी? दोन ओळी. दोन ठिकाणी ती खूण शून्य केली, एवढंच. या दोन ओळी ज्या मशीनवर पोचल्या नाहीत ते मशीन उघडं राहिलं.

माझ्या पेढीवर एकच कॉम्प्युटर, तोही बिलासाठी. त्याच्यावर कोण कशाला हल्ला करेल?

तुमचं नाव काढून कोणी बसलेलं नसतं, हे खरं. हल्ले माणसं निवडून होत नाहीत. प्रोग्राम अख्खं इंटरनेट चाचपत फिरतात आणि जे दार उघडं सापडेल तिथे शिरतात. १२ मे २०१७ ला पसरलेला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आठवा. विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत, फट होती आणि तो भाग कर्नलच्या हद्दीत चालतो. कोणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती. एक मशीन पडलं की ते शेजारची मशीन शोधायचं. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले.

तरी खरं ते सांगतो. कर्नलच्या बऱ्याच फटी 'दुसरी पायरी' असतात. आधी हल्लेखोराला मशीनवर कसंतरी पाय ठेवायला जागा लागते. खोट्या बिलाची फाइल, कमकुवत पासवर्ड, जुना ब्राउझर. मग कर्नलच्या फटीतून तो मालक होतो. एकट्याच्या बिलिंग कॉम्प्युटरवर ब्राउझरचं अपडेट आणि पासवर्ड यांना मी पहिला नंबर देईन. पण ज्या सर्व्हरवर चार-पाच जण लॉगिन करतात, किंवा जो बाहेरून उघडा आहे, तिथे कर्नलला मागे ठेवून चालत नाही.

अपडेट आल्यावर किती दिवसांत करायचं?

दुरुस्ती जाहीर झाली की फटही जाहीर होते. नवीन आणि जुना कोड शेजारी ठेवून काय बदललं हे कोणीही वाचू शकतं, आणि हल्ला लिहिणारे तेच वाचतात. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की आयर्विन पुलाखालचं पाणी चढायला थोडा वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात माल वरच्या मजल्यावर न्यायचा असतो, हे सांगलीकराला कोणी शिकवायला नको. इथेही हातात तेवढाच मधला वेळ असतो.

तो वेळ किती, ते पाहा. वॉनाक्रायने वापरलेल्या फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिली होती. हल्ला मे महिन्यात झाला, म्हणजे जवळजवळ दोन महिने सगळ्यांच्या हातात होते. लिनक्समधली सीव्हीई-२०२४-१०८६ ही फट नेटवर्कची पाकिटं गाळणाऱ्या भागात होती. दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये झाली, मार्चमध्ये तिच्यावरचा चालू हल्ला कोणालाही उतरवून घेता येईल असा जाहीर झाला आणि मे अखेरीस अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या फटींच्या यादीत ती टाकली.

म्हणून माझा हिशेब असा. बाहेरून उघडा किंवा अनेक जण वापरतात असा सर्व्हर: आठवड्याच्या आत. बाकीची मशीन: दोन आठवडे. फट प्रत्यक्ष वापरली जातेय अशी बातमी असेल तर त्याच रात्री. विंडोजची अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात; आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणून बुधवारी सकाळी बघायचं.

अपडेट झालंय असं मशीन सांगतंय. मग रीस्टार्ट कशाला?

कारण डिस्कवरचा कर्नल बदलला तरी मेमरीत चालू असलेला जुनाच असतो. मशीन सुरू होताना कर्नल एकदाच मेमरीत चढतो, तो पुढच्या रीस्टार्टपर्यंत तसाच राहतो.

एका हळदीच्या पेढीवरचा सर्व्हर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. जिन्याखाली बारदानाच्या थप्पीला लागून ठेवलेला, पंख्याच्या जाळीवर पिवळी धूळ. मालकांचा मुलगा म्हणाला, "दादा, याच्यावर अपडेट आपोआप होतात, काळजी नाही." खरंच होत होती. उबंटू, म्हणजे लिनक्स कर्नलवर चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम, होतं, सुरक्षा अपडेट रोज आपोआप बसत होती, नोंदी चोख होत्या. त्याच सकाळी नवा कर्नल बसल्याची नोंदही होती. पण चालू कर्नल कोणता हे विचारल्यावर मशीनने गेल्या दिवाळीच्या आधीचा आकडा दाखवला, कारण मधे एकदाही रीस्टार्ट झालं नव्हतं. एवढ्या महिन्यांत आलेली प्रत्येक दुरुस्ती डिस्कवर नीट रचून ठेवलेली आणि एकही चालू नाही. उबंटू आपोआप अपडेट बसवतं, पण तुम्ही सांगितल्याशिवाय आपोआप रीस्टार्ट होत नाही. सौद्याच्या ऐन वेळी सर्व्हर बंद पडू नये म्हणून ते तसं ठेवलंय, आणि ते बरोबरही आहे. रीस्टार्टची वेळ ठरवणं हे मालकाचं काम आहे.

आम्ही तर रोज रात्री कॉम्प्युटर बंद करतो. मग झालंच ना?

विंडोजवर बहुतेक वेळा नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तुम्ही 'शट डाउन' दाबलं की उघडे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नलची चालू स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा मेमरीत येते. कर्नल नव्याने सुरू होतो तो 'रीस्टार्ट' दाबल्यावर. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या कॉम्प्युटरवर तिथे कित्येक दिवस दिसले तर कारण हेच. 'अपडेट अँड शट डाउन' असा पर्याय दिसला तर तो घ्या, पण आठवड्यातून एकदा साधं 'रीस्टार्ट' करायची सवय लावा.

लिनक्स सर्व्हरवर हे कसं तपासायचं?

टर्मिनलमध्ये 'युनेम' ही कमांड 'डॅश आर' जोडून द्या. चालू कर्नलची आवृत्ती दिसेल. मग बसवलेल्या कर्नलची यादी काढा आणि सगळ्यात नव्याशी ताडून बघा. आकडे जुळत नसतील तर रीस्टार्ट बाकी आहे. उबंटू आणि तिच्यासारख्याच डेबियनवर रीस्टार्टची गरज असली की 'रन' फोल्डरमध्ये 'रीबूट रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार होते, आणि उबंटूवर लॉगिन करताना तसा संदेशही दिसतो. तो संदेश इतक्या वेळा नजरेखालून जातो की पुढे पुढे दिसेनासा होतो.

रीस्टार्ट न करता दुरुस्ती लावता येत नाही का?

येते, मर्यादेत. तिला लाइव्ह पॅचिंग म्हणतात. रेड हॅट आणि सुसे या दोन कंपन्यांनी २०१४ मध्ये आपापल्या पद्धती आणल्या आणि दोन्हींचा सामाईक पाया एप्रिल २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आला. चालू कर्नलमधलं चुकीचं फंक्शन तसंच राहतं, पण त्याच्याकडे येणारं काम नव्या फंक्शनकडे वळवलं जातं. उबंटूची ही सेवा वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट मिळते.

पण प्रत्येक फट अशी बुजवता येत नाही. मेमरीतल्या माहितीची रचनाच बदलावी लागली तर हा मार्ग बंद होतो. रात्रंदिवस चालणाऱ्या दवाखान्याच्या सर्व्हरला मी लाइव्ह पॅचिंग आवर्जून सुचवतो, ते रीस्टार्टची योग्य वेळ मिळेपर्यंत थांबता यावं यासाठी. रीस्टार्ट कायमचं टाळण्यासाठी नव्हे.

अपडेटनंतर मशीन सुरूच झालं नाही तर? सीझनमध्ये एक दिवसही परवडत नाही.

ही भीती रास्त आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. ते मायक्रोसॉफ्टचं अपडेट नव्हतं, पण क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम, कर्नलमध्ये चालतो, त्यामुळे मशीनच कोसळली. कर्नलच्या हद्दीत काहीही बदलताना हा धोका थोडा तरी असतोच.

लिनक्समध्ये यावर सोपा उपाय हाताशी आहे. नवा कर्नल बसला तरी आधीचा काढला जात नाही. सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे कर्नल मेमरीत चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन जुना कर्नल निवडला की मशीन पूर्वीसारखं उभं राहतं. पेढीवरच्या किमान एका माणसाला हे करून दाखवून ठेवा. माझा फोन लागला नाही तरी अडणार नाही. विंडोजवर सुरू होताना रिकव्हरीच्या पर्यायांतून शेवटचं अपडेट काढता येतं.

प्रत्यक्षात मला अडचणी येतात त्या दोन वेगळ्याच. पहिली, 'बूट' नावाचा डिस्कचा छोटा भाग जुन्या कर्नलांनी भरून जातो आणि नवा अर्धवट बसतो. तिथे जागा आहे ना हे आधी पाहावं आणि फार जुने कर्नल काढून टाकावेत; चालू असलेला आणि त्याच्या आधीचा मात्र ठेवावा. दुसरी, लाइट. अपडेट चालू असताना लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर सगळं अर्ध्यात अडकतं. बॅटरी जुनी झाली असेल तर कर्नलच्या आधी ती बदला.

आणि बॅकअप. आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय मी कोणाच्याही सर्व्हरला हात लावत नाही.

सॉफ्टवेअरवाला म्हणतो, अपडेट बंदच ठेवा, नाहीतर प्रोग्राम चालणार नाही.

हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय आणि दर वेळी राग येतो. अडचण कधीकधी खरी असते: वजनकाट्याची सिरियल केबल, लायसन्सचं डोंगल, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, यांचे ड्रायव्हर कर्नलशी बांधलेले असतात. लिनक्सवर बाहेरून बसवलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस ही व्यवस्था ते काम आपोआप करते, ती लावली आहे का हे विचारा. पण 'अपडेट कायमची बंद' हे उत्तर होऊ शकत नाही. नेमका कोणता ड्रायव्हर अडतो आणि तो कधी दुरुस्त करून देणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. तोवर ते मशीन इंटरनेटपासून तोडून वेगळं ठेवा. पैसे तुम्ही देता, हे विचारायचा हक्क तुमचा आहे.

अपडेटने मशीन स्लो होतं का?

सहसा नाही. एक मोठा अपवाद जानेवारी २०१८ चा. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरच्याच त्रुटी निघाल्या. मेल्टडाउन रोखायला कर्नलची मेमरी वापरकर्त्याच्या प्रोग्रामांपासून पूर्ण वेगळी करावी लागली आणि जुन्या प्रोसेसरवर, विशेषतः डेटाबेससारख्या कामांत, फरक जाणवला. बिल काढणाऱ्याला तो कळणारही नाही.

आमच्या सर्व्हरचा कर्नल ५.१५ दाखवतो. तो जुना, म्हणजे असुरक्षित ना?

नुसत्या आकड्यावरून ठरवू नका. उबंटू, डेबियन, रेड हॅट नव्या आवृत्तीतली दुरुस्ती उचलून आपल्या जुन्या आवृत्तीत आणून बसवतात, म्हणून मुख्य आकडा तोच राहतो आणि शेपटीचा वाढत जातो. सीव्हीई क्रमांकांची गर्दी पाहूनही घाबरू नका. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची मंडळी स्वतःच हे क्रमांक देतात आणि सुरक्षेशी लांबून संबंध असलेल्या दुरुस्तीलाही क्रमांक मिळतो, त्यामुळे वर्षाला हजारोंनी दिसतात. तुमच्या आवृत्तीचा पाठिंबा चालू आहे का, म्हणजे तिला सुरक्षा अपडेट अजून मिळतात का, हा खरा प्रश्न. उबंटू २२.०४ चा साधा पाठिंबा एप्रिल २०२७ पर्यंत आहे, १८.०४ चा मे २०२३ मध्येच संपला.

विंडोज ७ आणि १० चं काय?

७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला. ते मशीन इंटरनेटवर ठेवू नका, दुसरं काही सांगण्यासारखं नाही. १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. ११ न चालणाऱ्या जुन्या मशीनवर लिनक्स बसवता येतं, पण आधी तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते पाहा.

फोन आणि सीसीटीव्ही यांनाही हे लागू आहे?

हो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' अशी तारीख दिसते. ती महिन्याच्या १ तारखेची किंवा ५ तारखेची असते. कर्नल आणि चिपच्या दुरुस्त्या ५ च्या पातळीत येतात. ज्या फोनवर पेढीचे पैसे फिरतात त्याची तारीख वर्षभर जुनी असेल तर फोन बदला. डीव्हीआरला अपडेट क्वचितच मिळतात. त्याला बिलिंगच्या नेटवर्कवर ठेवू नका, आणि राउटरवर त्याच्यासाठी बाहेरून दार उघडलं असेल तर बंद करा.

हल्ला झालाच तर?

नेटवर्कची केबल काढा, मशीन बंद करू नका, काही पुसू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. कंपन्यांनी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या आत कळवावं असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे.

मी विश्रामबागला इंजिनिअरिंग शिकते. कर्नलच्या सुरक्षेत काम करायचं असेल तर सुरुवात कुठून?

सी पक्कं कर आणि मग दुरुस्त्या वाचायला लाग. कर्नलचा प्रत्येक बदल उघड्यावर असतो, सोबत तो का केला याची टीप असते. २०१६ मध्ये उघड झालेल्या 'डर्टी काऊ' या कर्नलच्या फटीची दुरुस्ती उघडून बघ. तिच्यात टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच लिहिलंय की हीच चूक त्यांनी अकरा वर्षांपूर्वी दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तो नीट जमला नाही आणि मागे घ्यावा लागला. नंतर गुगलच्या सिझबॉट या आपोआप चुका शोधणाऱ्या व्यवस्थेने शोधलेल्या चुकांची यादी पाहा. त्यात अजून न सुटलेल्या चुका आहेत आणि बऱ्याच चुकांसोबत ती घडवून आणणारा छोटा प्रोग्रामही दिलेला असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये तो चालव, कर्नल कोसळताना छापतो तो मजकूर ओळीओळीने वाच. सुरक्षेची फट सापडली तर गटांवर टाकू नकोस. कर्नलच्या सुरक्षा चमूला मेल कर; तयार झालेली दुरुस्ती ते कोणाच्या विनंतीवरून फार तर सात दिवस, अपवाद म्हणून चौदा दिवस थांबवतात आणि मग जाहीर करतात. आणि अडलीस तर मला विचार, यार्डातलं काम आटोपलं की संध्याकाळी मी मोकळा असतो.